एका सिलिंडरचा तांबडा

आमच्या टॅमरॅक खोऱ्यात माणसं दोनच गोष्टींवरून आवाज चढवतात. एक फुटबॉल आणि दुसरी जुने बागेतले ट्रॅक्टर. बाकी सगळं हळू आवाजात चालतं. चर्चचं छप्पर धो धो गळत असलं तरी "जरा ओलसर वाटतंय, नाही का?" असं म्हणून लोक बादली शोधायला जातात. पण इंजिन एका सिलिंडरचं बरं की दोन, एवढा विषय काढा आणि मग गंमत बघा. तुमच्याच बाकावर तीस वर्षं मान खाली घालून बसलेला माणूस टेबलावर मूठ आपटतो.

मी मार्लिस गुंडरूड. माझा ट्रॅक्टर तांबडा, एका सिलिंडरचा, दहा हॉर्सपॉवरचा. इंजिनचं अंग सगळं ओतीव लोखंडाचं. ऑर्व्हलने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, आमचं लग्न झालं त्याच वर्षी तो घेतला. आमची मुलगी सोल्वेग नंतर झाली, म्हणून घरातलं थोरलं लेकरू तांबडाच, असं ऑर्व्हल म्हणायचा. ऑर्व्हलला जाऊन आता दोन हिवाळे झाले. तांबडा आहे.

रस्त्याच्या पलीकडच्या टेकडीवर वर्डेल हॉगस्टाड राहतो. लग्न केलं नाही, चीजच्या कारखान्यात जन्म काढला आणि आता घरी असतो. त्याचा ट्रॅक्टर निळा, दोन सिलिंडरचा, अठरा हॉर्सपॉवरचा. त्याला गिअर नाहीत. तेलाच्या दाबावर चालतो. पेडल दाबलं की पुढे, टाचेने दाबलं की मागे. दोन सिलिंडर समोरासमोर बसवलेली, त्यामुळे एकाचा धक्का दुसरं खातं. इंजिन चालू असताना वर्डेल बॉनेटवर कॉफीचा कप ठेवून दाखवायचा. थेंब सांडायचा नाही. माझ्या तांबड्यावर कप ठेवला तर तो शेजारच्या जिल्ह्यात सापडेल.

आपला तो बाब्या नि दुसऱ्याचं ते कार्टं, हे पोरांपेक्षा ट्रॅक्टरांच्या बाबतीत जास्त खरं आहे. तरी मी खरं तेच सांगते. गवत कापायला निळा चांगला. सफरचंदाच्या झाडांभोवती फिरायचं तर पुढे-मागे, पुढे-मागे करावं लागतं, आणि दर खेपेला क्लच दाबून माझी डावी मांडी भरून येते. वर्डेल मात्र पायाचा अंगठा हलवत बसतो, पियानो वाजवणाऱ्या बाईसारखा. पानं ओढायला दोघं सारखेच. बटाट्याची सरी काढायला तांबडा, यात वादच नाही. मातीत फाळ रुतला की निळ्याचं तेल गरम होतं आणि तो मालकासारखाच गप्प होतो. उरला बर्फ. बर्फावर आमचं तीस वर्षं जमलेलं नाही.

गेल्या शरदात हा वाद नुसता वाद राहिला नाही. सोल्वेग शहरातल्या इस्पितळात हाडं मोडलेल्या म्हाताऱ्यांना पुन्हा चालायला शिकवते. त्यामुळे तिला जगात जिकडेतिकडे मोडायला निघालेली हाडंच दिसतात. ती आली, तिने आमची वाट वरून खालपर्यंत चालून पाहिली. शेडपासून रस्त्यापर्यंत उतार, मध्ये पाइनच्या झाडांखाली वळण. मग ती स्वयंपाकघरात येऊन बसली.

"आई, हिवाळ्यात ही वाट कोण मोकळी करतं?"

"मी आहे ना."

"त्या वस्तुसंग्रहालयातल्या डब्याने?"

"त्या डब्याने तुझ्या शाळेची बस चुकू दिली नाही कधी."

"तेव्हा बाबा चालवायचे. आमच्याजवळ एक छान इमारत आहे. लिफ्ट आहे, खाली जेवणाची सोय आहे. बर्फ बघायचा तो खिडकीतून."

"बर्फ बघायला मला खिडकी लागत नाही."

बोलता बोलता ठरलं ते असं. पहिला मोठा बर्फ पडला की सोल्वेग येणार. तिच्या डोळ्यांदेखत मी एकटीने तांबड्यावर बसून बर्फ काढायचा. जमलं तर तिने इमारतीचं नाव काढायचं नाही. नाही जमलं तर वसंतात घर विकायला काढायचं आणि मी लिफ्टमध्ये जायचं. मी हो म्हटलं, आणि गुंडरूडांच्या घरात दिलेला शब्द मागे घेत नाहीत. मला काळजी नव्हती. तांबड्यावर माझा विश्वास होता आणि माझ्यावर त्याहून थोडा जास्तच.

अडचण निराळीच होती. ऑर्व्हल गेल्यापासून मोठा बर्फ पडला की सकाळी माझी वाट साफ निघालेली असायची.

कोण काढतं ते मला ठाऊक होतं. वाट ज्याने काढली असेल त्याने बोलायचं नाही, आणि जिची काढली तिनेही नाही, अशी इकडची रीत. आपण फक्त डबाभर लेफ्से करायचे, म्हणजे बटाट्याच्या पातळ पोळ्या, लोणी-साखर लावून गुंडाळलेल्या, आणि डबा त्याच्या पायरीवर ठेवून यायचा. आठवड्याने डबा धुऊन परत येतो. डबा देताना वर्डेल हवेबद्दल बोलतो, मी हवेबद्दल बोलते. आता मला त्याला सांगायचं होतं की या खेपेला माझ्या वाटेला हात लावू नकोस. पण जे कोणी करतच नाही, ते करू नकोस असं कुणाला सांगणार?

डबा परत आला की मी त्याला आत बोलवायची. त्याचीही रीत आहे. पहिल्यांदा विचारलं की नको म्हणायचं. दुसऱ्यांदा विचारलं की खाली बघून नको म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं की "एवढं म्हणतेस तर" असं म्हणून आत यायचं. पहिल्या हाकेला ताट पुढे करणारा माणूस आमच्या खोऱ्यातला नव्हेच. "आत ये, कॉफी आहे," मी म्हणायची. "नको, बूट ओले आहेत." "अरे ये." "नको, दूध आणायचंय." आणि मी तिथेच थांबायची. दोन वर्षं मी दोनवर थांबत आले. स्वयंपाकघरात खिडकीशी ऑर्व्हलची खुर्ची आहे, आणि तिच्यात दुसरं कोणी बसलेलं बघायची माझी छाती नव्हती.

तर मी त्याला आडून सांगायचं ठरवलं. रविवारी प्रार्थना झाली की चर्चच्या तळघरात सगळे कॉफीला जमतात. रेडिओने दोन दिवसांत बर्फ सांगितला होता. वर्डेल हातात लिंबाच्या वडीचा तुकडा घेऊन उभा होता.

"वर्डेल," मी म्हटलं, "या खेपेचा बर्फ मी तांबड्याने काढणार आहे. माझा मी."

"हं." त्याने वडी नीट न्याहाळली. "ओला बर्फ येतोय म्हणतात."

"येऊ दे की ओला."

"एका सिलिंडरला जरा वेगळंच जाईल ते."

वेगळं म्हणजे आमच्याकडे वाईट. याहून मोठी शिवी नाही. आजूबाजूचे चार कप खाली आले.

"माझ्या ट्रॅक्टरला पुढे पातं आहे," मी म्हटलं. "ढकललं की झालं. तुझ्या त्या बर्फ उडवणाऱ्या ब्लोअरसारखं नरडं नाही त्याला, ओल्या बर्फाने चोंदायला."

"अठरा हॉर्सपॉवर आहेत मार्लिस."

"त्यातले निम्मे तुझं ते तेलाचं पेडल पितं. थंडीत तेल गोठतं तेव्हा तर सगळेच पितं."

"एक सिलिंडर म्हणजे एक पाय. बंद पडला की पडला."

"आणि दोनातला एक बंद पडला की माणूस लंगडतो. माझा तांबडा एका पायावरच उभं राहायला शिकलाय!"

आवाज चढला असणार, कारण कोपऱ्यातल्या पोरांनी खेळ थांबवला. मी श्वास घेतला आणि मुद्द्यावर आले. "तर वाट मी काढणार आहे, बरं का. मीच."

"बरं बरं," वर्डेल म्हणाला.

मी पुढे काही बोलणार तेवढ्यात पास्टरबाई कॉफीची किटली घेऊन आमच्या मधे घुसल्या आणि छताच्या गळतीबद्दल बोलू लागल्या. असो, माझ्या मते मी अगदी स्पष्ट सांगितलं होतं.

मंगळवारी दुपारपासून बर्फ लागला. मी तयारी केली. बॅटरी काढून स्वयंपाकघरात चुलीजवळ ठेवली, कारण थंडीत रात्र काढलेली बॅटरी सकाळी मेंढीसारखी ओरडते नि गप्प होते. हिवाळ्याचं पातळ ऑइल आधीच भरलं होतं. मागच्या चाकांना साखळ्या चढवल्या होत्या, चाकांवर लोखंडी वजनं होतीच. सोल्वेगला फोन केला, "सकाळी ये." आणि मी शांत झोपले.

सकाळी पडदा सरकवला. वाट साफ होती. शेडपासून वळणापर्यंत आणि वळणापासून रस्त्यापर्यंत, कडा कशा सरळ कापलेल्या. बर्फ सगळा पाइनच्या झाडांवर उडवलेला. जिल्ह्याची गाडी रस्ता साफ करताना प्रत्येकाच्या वाटेच्या तोंडाशी बर्फाचा जो बांध घालून जाते, तोसुद्धा नव्हता. मी अंगात गाऊन, हातात चमचा, अशी खिडकीशी उभी राहून वर्डेल हॉगस्टाडला असं काही बोलले की ते चर्चमध्ये सांगता येणार नाही. त्याने माझ्यावर उपकार केला होता आणि त्या उपकारापायी माझं घर हातचं चाललं होतं.

थोड्या वेळाने सोल्वेगची गाडी वर आली, एकदाही न घसरता.

"आई!" ती दारातूनच म्हणाली. "झालंसुद्धा? मी यायच्या आत?"

मी कॉफी ओतत होते. नुसतं "हं" म्हटलं असतं तर विषय तिथेच मिटला असता. मान हलवली असती तरी चाललं असतं. मी कॉफी ओतत राहिले, कप भरला तरी ओतत राहिले.

सोल्वेग ऑर्व्हलची मुलगी आहे. तिने फडकं घेतलं, टेबल पुसलं आणि पुसता पुसता खिडकीबाहेर बघितलं.

"शेडच्या दाराशी गुडघाभर बर्फ तसाच आहे," ती म्हणाली. "त्यावर सशाची पावलं आहेत."

"असतील."

"सशाने काढला वाटतं बर्फ?"

"सोल्वेग."

"बॅटरी तर चुलीपाशी आहे. आई, कोणी काढला?"

"कोणी नाही. आमच्याकडे कोणी काढत नाही. तो निघालेला असतो."

ती ऑर्व्हलच्या नव्हे, बाजूच्या खुर्चीत बसली. आवाज अगदी मऊ केला. तो आवाज ती इस्पितळात वापरत असणार. ओरडली असती तर मीही ओरडले असते.

"म्हणजे दोन वर्षं कुणीतरी काढतंय. आणि मला वाटायचं तू काढतेस. उद्या तो माणूस आजारी पडला तर? आई, शब्द तूच दिला होतास."

मी भिंतीकडे बघितलं. तिथे पेन्सिलीच्या खुणा आहेत, सोल्वेगची उंची वर्षागणिक. मला एकदम फार राग आला. लेकीचा नाही, वर्डेलचाही नाही. लिफ्टचा. त्या चकचकीत पेटीत उभी राहून मी कुठल्या मजल्यावर उतरणार होते?

"काय होता शब्द?" मी म्हटलं. "पुन्हा सांग."

"तू एकटीने, माझ्यासमोर, तांबड्यावर बसून बर्फ काढायचा."

"कुणाच्या दारातला, ते ठरलं होतं?"

तिने फडकं खाली ठेवलं.

"बाबांचे बूट दाराशी आहेत," मी बॅटरी उचलत म्हटलं. "घाल आणि चल."

शेडचं दार फावड्याने मोकळं केलं. बॅटरी बसवली, चोक ओढला, किल्ली फिरवली. पट्टा किंचाळला. एकदा, दोनदा, आणि मग तांबड्याने खोकला काढला आणि सुरू झाला. धड्, धड्, धड्. एका सिलिंडरमध्ये दोन ठोक्यांच्या मधे जरा जागा असते. नवख्या माणसाला वाटतं, बंद पडला. सोल्वेग दाराला टेकून ऐकत उभी होती, आणि लहानपणी व्हायचा तसा तिचा चेहरा झाला होता. मी ते बघितलं.

साफ वाटेवरून मी खाली उतरले, रस्ता ओलांडला. वर्डेलच्या वाटेच्या तोंडाशी निळा जाईल एवढीच फट पाडलेली, बाकी जिल्ह्याच्या गाडीचा बांध तसाच होता, ओला, जड, मांडीला लागेल एवढा. म्हणजे माझं काढून झालं तरी त्याचं राहिलं होतं. हे मला चमत्कारिक वाटलं.

असा बांध समोरून फोडायला जाऊ नये. पातं तिरकं करावं आणि कोपऱ्यातून घास घ्यावा, मग मागे यावं, मग दुसरा घास. पहिला गिअर, आणि इंजिनला बडबड करू द्यायची. तांबडा घास घेत गेला. बर्फाची लाट पात्यावरून वळून बाजूला पडत होती. मी तो अगदी लांब, वाटेकडेच्या खड्ड्यापलीकडे ढकलला, कारण हिवाळा लांबलचक असतो आणि आज आळस केला तर पुढच्या बर्फाला जागा उरत नाही. सोल्वेग खिशात हात घालून मागून चालत होती. मी मागे वळून बघत नव्हते. मला माहीत होतं कसं दिसतंय ते.

त्याच्या वाटेच्या वळणावर निळा आडवा उभा होता.

वर्डेल त्याच्या उजव्या अंगाला बर्फात गुडघे टेकून बसला होता. हातमोजे काढलेले, बोटं लालबुंद, हातात इंजिनचा स्पार्क प्लग. ब्लोअरचं नरडं बर्फाने गच्च बसलेलं. इंजिन बंद. आम्हाला बघून तो उठायला गेला, आणि एकदम उठता आलं नाही.

"लवकर उठलास," मी म्हटलं.

"हं. जरा फिरायला निघालो होतो."

"ट्रॅक्टर घेऊन?"

"हं."

सोल्वेगने पुढे होऊन त्याला काखेत हात घालून उभं केलं. तिचं ते कामच आहे. वर्डेलने प्लग खिशात टाकला, पुन्हा काढला आणि बर्फाकडे बघत म्हणाला, "उजवं सिलिंडर झोपलंय. वायरीत ओल गेली."

"म्हणजे सध्या तू एका सिलिंडरवर आहेस," मी म्हटलं. "आपली बरोबरी झाली."

"नाही." त्याने तांबड्याकडे बघितलं. "तुझं चालतंय."

तीस वर्षांत हे वाक्य मला ऐकायला मिळालं नव्हतं. एरवी मी त्याच्यावर आठवडाभर जगले असते. पण त्याच्या बोटांकडे बघितलं आणि मला मजा वाटेना. पहाटेपासून हा माणूस माझ्या वाटेवर होता.

"साखळी कुठे आहे?"

"नको, नको. मी सुकवतो प्लग."

"साखळी कुठे आहे वर्डेल?"

"चढ आहे. निळा जड आहे."

"साखळी!"

"सीटखाली," वर्डेल म्हणाला.

आधी मी निळ्याच्या बाजूने वरची वाट मोकळी केली. मग त्याला साखळी लावली. सोल्वेगने निळ्यावर बसून स्टिअरिंग धरलं, वर्डेलने मागून ढकलतो म्हणून हट्ट केला आणि आम्ही दोघींनी तो मोडून काढला. मी पहिल्या गिअरला हळूच क्लच सोडला. साखळी ताठ झाली. तांबड्याची चाकं जागीच फिरली, मागून बर्फ उडाला आणि आम्ही हातभर मागे आलो.

"आई, ब्रेक! ब्रेक दाब!"

तांबड्याला ब्रेक आणि क्लच एकाच पेडलात आहेत. इथेच लोक फसतात. घाबरून पेडल दाबलं की इंजिन चाकांना सोडून देतं, आणि मग दोन ट्रॅक्टर नि तीन माणसं थेट रस्त्यावर. मी पाय उचलून पेडलपासून लांब ठेवला, म्हणजे मोहच नको. इंजिन खाली आलं, खाली आलं, एकेक ठोका मोजता येईल एवढं खाली आलं. मी सीटवर मागे रेलून सगळं वजन मागच्या चाकांवर टाकलं. मग साखळ्यांना बर्फाखालची खडी सापडली. धड्. धड्. धड्. तांबडा वर निघाला आणि निळा त्याच्यामागून, म्हाताऱ्या गाईसारखा गुमान.

वर अंगणात पोचल्यावर मी सगळं अंगण साफ केलं, पायरीपासून धान्याच्या कोठारापर्यंत. गरज नव्हती एवढ्याची. पण सोल्वेग बघत होती आणि मी रंगात आले होते, ते का लपवू? शेवटी इंजिन संथ केलं आणि खाली उतरले.

सोल्वेगने वर्डेलला पायरीवर बसवून त्याचे हात स्वतःच्या हातांत घेतले होते.

"वर्डेल काका, आमची वाट तुम्ही काढलीत?"

त्याने माझ्याकडे बघितलं. असा थेट प्रश्न आमच्याकडे कोणी विचारत नाही. शहरात राहून तिला सवय लागली आहे.

"तळघरात सगळ्यांना माहीत आहे," तो शेवटी म्हणाला, "आज काय ठरणार आहे ते. मला वाटलं, वाट साफ दिसली की तू म्हणशील, वा, साफ आहे. आणि विषय संपेल."

"अरे पण मी तुला सांगितलं होतं ना!" मी म्हटलं. "सगळ्यांसमोर सांगितलं, मी काढणार म्हणून!"

"सांगितलंस," वर्डेल म्हणाला. "दोनदा."

मी मनात मोजलं. दोनदाच. पास्टरबाईंची किटली मधे आली आणि तिसरं राहून गेलं. दोनदा नको म्हटलं म्हणजे हो, हे त्याला त्याच्या आईने शिकवलं होतं आणि मला माझ्या. त्याने माझं सगळं नीट ऐकलं होतं आणि जसं ऐकायला हवं तसंच ऐकलं होतं.

सोल्वेगला आधी कळलं नाही. मग कळलं, आणि ती इतकी हसली की तिला निळ्याच्या सीटवर बसावं लागलं. "तिसऱ्यांदा म्हणाली नाहीस, आई? घर जाणार होतं आणि तू तिसऱ्यांदा म्हणाली नाहीस?"

"हसू नकोस," मी म्हटलं, पण मलाही हसू यायला लागलं होतं.

वर्डेल हसला नाही. तो तांबड्याकडे बघत होता. "तू शहरात गेलीस तर," तो म्हणाला, आणि थांबला. त्याने नाक पुसलं. "तर तो चालवणार कोण?"

ट्रॅक्टरबद्दल बोलत नव्हता तो. मला ते कळलं, आणि त्याला कळलं की मला कळलं. दोन वर्षं हा माणूस अंधारात उठून माझी वाट काढत होता, पायरीवर येऊन हवेबद्दल बोलत होता, आणि मी त्याला दोनदा बोलावून परत पाठवत होते. मला स्वतःची लाज वाटली. आणि खरं सांगायचं तर आनंदही झाला, इतका की मी उगाचच जाऊन तांबड्याचं बॉनेट पुसलं.

सोल्वेग हसायची थांबली होती. तिने वाटेवरून खालपर्यंत नजर टाकली, कापलेल्या कडा बघितल्या, खड्ड्यापलीकडे ढकललेला बर्फ बघितला.

"वाईट नाही, आई," ती म्हणाली.

वाईट नाही म्हणजे आमच्याकडे याच्यावर काही नाही. ऑर्व्हलला मी लग्नाला हो म्हटलं तेव्हा तो हेच म्हणाला होता.

"मग लिफ्ट?"

"पुढच्या वर्षी विचारेन हं मी पुन्हा."

"विचार ना," मी म्हटलं. "दोनदा विचार."

ती पुन्हा हसली आणि खाली आमच्या घराकडे निघाली. मी तांबड्यावर बसले. वर्डेल पायरीवरून उठून उभा राहिला, हात काखेत घालून.

"घरी ये," मी म्हटलं. "कॉफी आहे. लेफ्से केलेत."

"नको. हात तेलकट आहेत."

"ये रे."

"नको." त्याने खाली बघितलं. "प्लग सुकवायचाय."

तो वळला. दोन वर्षं तो दुसऱ्या नकारावरच वळत आला होता आणि मी तेवढ्यावरच दार लावत आले होते. तांबडा माझ्याखाली धडधडत होता, दोन ठोक्यांच्या मधे ती जागा सोडत, जिथे नवख्या माणसाला वाटतं की संपलं.

"वर्डेल," मी म्हटलं. "कॉफी प्यायला ये."

तो थांबला.

"एवढं म्हणतेस तर," तो म्हणाला, आणि येऊन तांबड्याच्या मागच्या दांडीवर उभा राहिला. मी पहिल्या गिअरमध्ये टाकलं आणि मग पेडलला पाय न लावता दोघांना खाली उतरवलं.

स्वयंपाकघरात त्याने बूट काढले, हात धुतले आणि खुर्च्यांकडे बघत भिंतीशी उभा राहिला. सोल्वेग कप काढत होती, ती थांबली. मी खिडकीजवळची ऑर्व्हलची खुर्ची ओढून पुढे केली.

"इथे बैस," मी म्हटलं. एकदाच म्हटलं, आणि तो बसला.